सोयऱ्याची चिलीम

परवा शेजारची सून आली, लेकरू कडेवर घेऊन. म्हने, "बुढीमाय, तुमच्या घरची चिलीम सुटली होती म्हनते. काय दवा देल्ली होती? माह्या घरचे बिड्या ओढून ओढून खोकलते. मलेबी तेच देऊन पाहू दे."

म्या म्हनलं, "बस माय. दवा एक असती तं पुडी बांधून देल्ली असती."

सांगाले बसली, तं तिचं लेकरू रडाले लागलं. ती अर्ध्यातूनच उठून गेली. बाकीचं माह्या तोंडातच राह्यलं, ते आता सांगतो.

माहं लगन झालं तवा मी लहानच होती. नवरा काय असते हे समजाच्या आंधी सासूची बोली समजली. जऊळक्याले रेल्वे नवीनच आलती. वारा तिकडला असला का आमच्या वावरात तिची शिटी आयकू ये. सासरे नोते. घरी सासू, माहे मालक अन् मी. मालकाले आमी 'घरचे' म्हनो. नाव घ्याची रीत नोती, अजूनबी माह्या तोंडात येत नाई.

आमच्या अंगनातून गावाचा पार दिसे. दिवस कलला का भावकीतले मानसं तिथं जमत, निंबाखाली गोल करून बसत, अन् चिलीम पेटे. मातीची चिलीम, तिच्यात तंबाखू, वर गोवरीचा लाल इस्तो, खाली तोंडाशी वला फडका गुंडाळलेला. एकानं ओढली का पुढच्याच्या हाती. कोनाची पाळी चुकवाची नाई.

त्या चिलमीतच गावचा न्याय होता. दोघं भाऊ वावराच्या धुऱ्यावरून भांडले अन् मंग समजोता झाला, तं दोघायले एकाच चिलमीतून ओढाले लावत. अन् ज्यानं काही वंगाळ केलं, भावकीनं ज्याले वाळीत टाकलं, त्याच्या म्होरून चिलीम तशीच पुढं जाय. तो मानूस तिथं बसलेला राहे, अन् चिलीम त्याले वलांडून जाय. त्याच्या घरी कोनी पोरगी दे नाई, अन् त्याच्या घरची कोनी करे नाई. सोयरीक जुळवाले मानसं आले तं तीच गोष्ट. इकडल्यायनं अन् तिकडल्यायनं एक चिलीम ओढली, का मंग सुपारी फुटे.

आमाले लेकरं झाले. त्यातले दोन तापानं गेले. एक पोरगी राह्यली. ती परकर घालून पानी आनाले लागली त्या सुमाराले घरच्यायची छाती बिघडली. बैलाच्या डवऱ्यामांगं जरासे चालले का धुऱ्यावर बसत, हात गुडघ्यावर, तोंड उघडं, पान्याबाहेर काढलेल्या मासोळीवानी. बैल उभे राहत अन् मांगं पाहत. मंग म्या डवरा धरला. बाईनं डवरा धरला म्हनून लोकं हासले. हासू द्या. कपाशीच्या पऱ्हाटीतलं गवत मानसाचं तोंड पाहून वाढाचं थांबत नाई. सकायी वावर, दुपारी घर, पुन्हा वावर. पाठीचं काय झालं ते पाठीलेच मालूम.

अन् घरचे धुऱ्यावर बसून काय करत? चिलीमच भरत. म्हनत, "ओढली का छाती मोकळी होते व."

सासूले तेवढं दिसे. एक दिवस तिनं चिलीम घेतली अन् पाट्यावर आपटली. तुकडे तुकडे. दुसऱ्या दिवशी कुंभारानं नवीन देल्ली. वरून म्हने, "बुढीले सांगा, रोज फोड म्हना. माहं चाक फिरतं राह्यते."

मंग शेजारच्या एका बुढीनं इलाज सांगतला. निंबाचा वाळला पाला चुर अन् तंबाखूत टाक, कडू लागंन, आपोआप वीट येईन. म्या चोरून टाकला. घरचे दोन झुरके ओढले, डोळ्यातून पानी काढलं, अन् मले हाक मारून म्हनले, "ह्या बाजारची तंबाखू बाकी कडक आहे व. हीच आनत जाय."

एका जोग्यानं ताईत देल्ला. ताईत दंडाले अन् चिलीम हाती. दोघायचं बरं जमलं.

खोकल्यातून लाल दिसाले लागलं तवा मी घाबरली. बैलगाडी जुपली अन् शिरपूरले गेलो. तिथं जैनायचं जुनं देऊळ आहे, दूरदूरचे लोकं दर्शनाले येतात. त्या देवळामांगच्या गल्लीत एक बुढा वैद्य राहे. त्यानं घरच्यायच्या पाठीले कान लावला. लय वेळ आयकत राह्यला. मंग त्यायले म्हने, "बाहेर तुमचे बैल कोनाच्या कडब्याले तोंड लावून राह्यले, पाहा बरं." ते बाहेर गेले, तसा मले म्हने, "बाई, कपाळाचं कुंकू जपाचं असंन तं चिलीम बंद करा. छातीत धूर बसला आहे. असंच चाललं तं हा मानूस लय दिवसाचा सोबती नाई."

म्या इचारलं, "दवा?"

"अडुळशाचा काढा घेऊन जा. जेठीमध तोंडात धराले द्या. तलफ आली का लवंग चावू द्या. पन ही खोकल्याची दवा झाली. चिलमीची दवा माह्या पुड्यायत नाई."

परतताना गाडीतच म्या सारं सांगून टाकलं. लपवून काय फायदा?  घरचे बैल हाकता हाकताच म्हनले, "तो बुढा सोता तपकीर ओढते. त्याचं नाक पाह्यलं काय?"

"पाह्यलं."

"अन् तू मिसरी लावतं, तिचं काय?"

खरं होतं. बाया चिलीम ओढत नसत, पन तंबाखू भाजून तिची काळी मिसरी करत अन् दातायले लावत. मीबी लावो. सकायी उठली का पह्यलं तेच.

ते म्हनले, "तू सोड मिसरी, मंग मी सोडतो चिलीम." अन् हासले. त्यायले वाटलं, गोष्ट तिथंच मिटली.

मिसरीची डबी माह्या कमरेलेच होती. म्या काढली अन् गाडीतून खाली फेकली.

"बयताड झालीस काय व! डबी पितळेची होती!"

"मंग उतरा अन् घेऊन या. अन् चिलीम तिथं ठेवून या."

त्यायनं बैल थांबवले. बसून राह्यले. माह्याकडे पाहत, मंग मांगच्या वाटेकडे पाहत. उतरले नाई. पुन्हा गाडी हाकली. पुढं नाला लागला, पानी गुडघाभर होतं. गाडी मंधात आली तसा त्यायनं कमरेचा चंचीबटवा सोडला, चिलीम काढली, तोंडाशी गुंडाळलेला फडका काढून पागोट्यात खोवला, जसा काही तोच कामाचा होता, अन् चिलीम पान्यात सोडून देल्ली.  

मिसरी सुटली तवा मले समजलं का तलफ काय राह्यते. डोकं भनभन करे. भाकर तव्यावर टाकून मी भिताडाकडे पाहत बसो, अन् भाकर जळे. एक गोष्ट मी तवाच शिकली. डोक्यातली तलफ दोन घटका राह्यते अन् जाते. हाताची तलफ जात नाई. सकायी डोळे उघडाच्या आंधी माहा हात कोनाड्याकडे जाय, डबी चाचपे. डबी नाई हे हाताले सांगून समजत नोतं.

मंग म्या इचार केला, माह्या हाताचे हे हाल, तं यायच्या हाताचे काय? दिवस कलला का त्यायची बोटं हालत. पाराकडून हासन्याचा आवाज ये, धुराचा वास ये, अन् हे अंगनात बसून बोटं चोळत. म्या अंबाडीच्या वाखाचा भारा त्यायच्या म्होरं टाकला. "दोर वळा. हात रिकामा ठेवू नका."

वळाले लागले. कासरे वळले, दावे वळले, मोटेचा नाडा वळला. पायाच्या अंगठ्याले वाख अडकवाचा अन् दोन्ही तळहातानं पीळ द्याचा. तलफ आली का लवंग दाताखाली अन् पीळ जोरात. आमच्या घरी इतका दोर झाला का बैल कमी पडले.

आमचा एक चुलत दीर होता. जीभ लय चालू. तो पाराकडे जाता जाता फाटकाशी थांबे.

"काय गा, बायकोनं दावं वळाले लावलं? गळ्यात कवा बांधून राह्यली?"

"तुह्याचसाठी वळून राह्यलो," घरचे म्हनत. "मोकाट हिंडतं ना लेका."

हासत दोघंबी. पन दीर गेला का घरचे त्याच्यामांगं पाहत राहत. सासू मले म्हने, "मानूस मानसात बसला पाह्यजे व. बाईवानी अंगनात बसून कोनाचं भलं झालं?" मले राग ये. पन बुढीचं साफ खोटं नोतं. गावात काय चाललं, कोनाची विहीर आटली, कोनाचा बैल मेला, काहीच त्यायले मालूम नसे. दोन-दोन दिवस ते बोलत नसत. छाती सुधारत होती अन् मानूस मुका होत होता. मी छाती पाहून राह्यली होती.

पन छाती खरंच सुधारली. लाल दिसाचं बंद झालं. डवरा त्यायनं माह्या हातातून परत घेतला.

त्या हिवाळ्यात पोरीले मांगनं आलं. आसेगावाकडलं घर. खाऊनपिऊन बरं, पोरगा कामाचा, घरात सासू मायाळू म्हनून सारे सांगत. मले आनखीन काय पाह्यजे होतं? आमी हाव म्हनलं. अन् मंग तिकडून निरोप आला. निरोप्या अंगनात उभा राहूनच बोलला, पानीबी घेतलं नाई. म्हने, "तुमच्या घराची चिलीम बंद आहे असं आमी आयकलं. भावकीनं वाळीत काहून टाकलं तुमाले? काय केलं ते सांगा, मंग पोरीचं पाहू."

आमाले काही समजेच नाई. मंग घरच्यायच्या ध्यानात आलं. मांगच्या महिन्यात दुसऱ्या गावी एका तेरवीले ते गेलते. तिथं मानसायच्या गोलात बसले, अन् आपल्या भावकीले म्हनले का माह्या हाती चिलीम देऊ नका, मले पाह्यली का तलफ येते. तं चिलीम त्यायले वलांडून पुढं गेली. पोराचा मामा तिथंच बसलता. त्यानं पाह्यलं. त्यानं जे पाह्यलं त्याचा आमच्याकडे एकच अर्थ होते.

आमी निरोप धाडला, असं काही नाई, हे वैद्याचं काम आहे. तिकडून जबाब आला, आमी येतो. आमच्या म्होरं भावकी बसवा अन् चिलीम फिरवा. डोळ्यानं पाहू.

घरचे मले म्हनले, "एक झुरका. पोरीसाठी."

"खरं सांगू ना आपन. वैद्याचं नाव सांगू."

"वाळीत टाकलेला मानूसबी वैद्याचंच नाव सांगते व. कोन मानते?"

 एका अंगाले त्यायची छाती, एका अंगाले पोरगी. पोरगी चुलीपाशी बसून आयकत होती. तिले पुरतं समजत नोतं, पन आपल्यामुळं काही तरी अडलं एवढं समजे.

आले ते. बैलाच्या दमनीतून उतरले. पोराचा बाप, म्हनजे आमचा होनारा इवाई, उंच, मिशा मोठ्या, बोलनं कमी. ओसरीवर सतरंजी टाकली, आमची भावकी येऊन बसली. आमी बाया दाराआड. मले फटीतून दिसे. पोराच्या बापानं आपलीच चिलीम काढली, सोता भरली, सोता पेटवली, दम मारला अन् बाजूले देल्ली. एकाएकाच्या हातून येत येत ती चुलत दिराच्या हाती आली. त्याच्यापुढं घरचे. दिरानं हात पुढं केला अन् तसाच थांबला. त्याची जीभ त्या दिवशी कुठं गेलती कोन जाने.

घरचे म्हनले, "मले वैद्यानं बंद केली आहे जी."

पोराचा बाप म्हने, "वैद्यानं का भावकीनं?"

कोनीतरी हासलं.  घरच्यायनं दाराकडे पाह्यलं. मी त्यायले दिसत नोती, तरी पाह्यलं. अन् चिलीम घेतली, दोन्ही हातात धरली अन् ओढली. अर्धी नाई, साधी नाई, पुरा दम मारला, कोनाले शंका राहू नये म्हनून. चिलीम पुढं देल्ली. अन् मंग खोकला सुरू झाला. थांबेच ना. वाकले, आडवे झाले, धोतराचा सोगा तोंडाले लावला, अन् तो सोगा लाल झाला.

मानसायच्या बैठकीत बाईनं पाय ठेवाची रीत नोती. मी पानी घेऊन गेली. पदर नाकाखाली वढला, त्यायचं डोकं मांडीवर घेतलं अन् पानी पाजलं. अन् पोराच्या बापाकडे न पाहताच म्हनलं, "तुमाले चिलीम पाह्यजे का इवाई पाह्यजे, तेवढं सांगा."

मांगून सासूचा आवाज आला, "चूप व!" मले वाटलं, मोडली सोयरीक. मीच मोडली.

 पोराचा बाप दिराकडे वळून म्हने, "छाती इतकी खराब आहे, तं तेरवीतली खरी गोष्ट तुमी मले काहून सांगतली नाई?"

दिराची जीभ तवा परत आली. "तुमी इचारलं कवा? तुमी तं निकाल घेऊनच दमनीतून उतरले."

पोराच्या बापानं खाली पाह्यलं. म्हने, "सुपारी फोडा."

सोयरीक झाली. सारे खूश. पोरीले हिरवं लुगडं चढलं. मीच एकटी दुसऱ्या दिवसाची वाट पाहत होती. अन् झालं तसंच. दिवस कलला, वाखाचा भारा म्होरं होता, घरच्यायनं त्याच्याकडे पाह्यलं, उठले अन् पाराकडे गेले. कुंभाराकडून चिलीमबी आनली. एका दमानं सारी जुनी तलफ उठून बसली. म्या वाखाचा भारा उचलून कोपऱ्यात ठेवला. बोलून ज्याची सुटते, त्याची पह्यल्याच दिवशी सुटली असती.

लगन झालं उन्हाळ्यात. वरातीमांगं पोरीचा बाप गाडीत बसून गेला, कारन चालता येत नोतं. लोकायले वाटलं, मोठेपना करून राह्यला.

दिवाळीले पोरगी माहेरी आली. तिले न्याले सासरा सोता आला, म्हनजे आमचा इवाई, तोच मोठ्या मिशीचा. घरचे विहिरीवरून पान्याची बादली घेऊन आले. अंगनापर्यंत येता येता तीन डाव बादली खाली ठेवली. इवाई पाहत होता.

"काय इवाईबुवा, वैद्याची दवा बंद केली काय?"

"दवा चालू आहे," घरचे म्हनले. "चिलीमबी चालू आहे."

इवाई हासला नाई. माह्याकडे वळला. "इनबाई, कवापासून?"

म्या म्हनलं, "सुपारी फुटली त्या दिवसापासून."

एवढंच म्हनलं. रागानं नाई म्हनलं, खरं होतं ते म्हनलं. पागोटं काढून मांडीवर ठेवलं त्यानं, अन् त्याच्या पिळावर बोट फिरवत बसून राह्यला. जेवताना वरन तसंच राह्यलं. माही सासू म्हने, "वरन खारट झालं काय जी?" तं नुसती मान हालवली. मंग मले म्हने, "इनबाई, घरात बडीशेप आहे काय? जराशी भाजून द्या."

दिवस कलताना तो घरच्यायले घेऊन पारावर गेला. मी अंगनात तांदूळ निवडाले बसली. तांदळात खडा होता का नोता देव जाने, नजर तिकडेच होती.

गोल जमला. चिलीम पेटली. इवाईच्या हाती आली, त्यानं चांगला दम मारला. त्याची काही सुटली नोती, अन् सोडतो असंबी तो कवा म्हनला नाई. त्याच्या बाजूले घरचे. त्यायनं हात पुढं केला. इवाईनं चिलीम आपल्या डाव्या हातात धरून ठेवली, उजव्या हातानं खिशातून बडीशेप काढली अन् घरच्यायच्या तळहातावर ठेवली. अन् थांबला. चिलीम हाती तशीच, सारे पाहून राह्यले. घरच्यायनं बडीशेप तोंडात टाकली, चावली, गिळली. तवा इवाईनं चिलीम पुढच्याले देल्ली. त्याचा आवाज मोठा, मले अंगनात आयकू आला, "याची पाळी झाली. घ्या पुढं."

चुलत दीर काय चूप बसते? "मंग याले पाळनाबी बांधा ना! अंगाई मी म्हनतो."

"बांधतो," इवाई म्हने. "दोराची कमी नाई म्हनते याच्या घरी."

सारे हासले. मंग इवाई म्हनला ते म्या जसंच्या तसं ध्यानात ठेवलं आहे. म्हने, "मी उद्या जाईन. मी गेल्यावरबी याची पाळी चुकवाची नाई. चिलीम नाई द्याची, अन् पाळीबी नाई चुकवाची. म्या कवा आयकलं का याची पाळी चुकली, तं तुमी माह्या इवायाले वाळीत टाकलं असं समजन, अन् भांडाले येईन."

त्याच्यानं काय झालं पाहा. ज्या इज्जतीपायी घरच्यायले चिलीम देनं लागे, त्याच इज्जतीपायी आता बडीशेप देनं आलं. कोनाची टाप होती चुकवाची? मी रोज दुपारी बडीशेप अन् ओवा भाजो, काळं मीठ लावो, पुरचुंडी करून देओ. त्यायची पाळी आली का बाजूचा मानूस चिलीम थांबवे अन् पुरचुंडी पुढं करे. सुरुवातीले टिंगल लय झाली. एक दिवस दिरानं बडीशेपेच्या जागी शेळीची लेंडी ठेवली. घरच्यायनं ती पाह्यली अन् म्हनले, "ही तू खाय गा, तुह्या घरची आहे." पार हासून हासून हालला. घरचेबी हासले, मानसात बसून हासले. लय दिवसानं म्या तो आवाज आयकला. मंग दोन खोकलनारे बुढेबी आपल्या पाळीले म्हनाले लागले, "आज मलेबी तेच दे बाप्पा."

सरळ काही सुटली नाई. मंधात घसरले. एक डाव बैल मेला तवा, एक डाव काहीच कारन नोतं तवा. त्या दिवशी चोरावानी घरी आले, माह्या वाटेनंच आले नाई, गोठ्याकडून शिरले. म्या वास घेतला अन् ताट वाढलं. दुसऱ्या दिवशी पुरचुंडी त्यायच्या म्होरं ठेवली. मले भेव वाटे का आता शरमेनं पारावर जानारच नाईत. पन चुलत दीरच फाटकाशी येऊन ओरडला, "चाल गा, तुही पाळी आली का सारे अडकून बसते." अन् गेले.

जेठीमध, अडुळसा, लवंग, त्यायचा उपकार मी नाकारत नाई. काढ्यानं खोकला बसला, लवंगेनं घटका निभली. दोरानं हाताले काम देल्लं. पन घरी एकटं बसवून मी त्यायची चिलीम तोडाले गेली, अन् तिच्यासंगं मानसंबी तोडले. हे इवाईले समजलं. त्यानं चिलीम तेवढी काढून घेतली अन् जागा राहू देल्ली. ज्यानं पाजली, त्यानंच सोडवली. माहा त्याच्यावर राग होता तो कवा गेला, मले सांगता येत नाई.

पुढच्या साली पऱ्हाटी बोंडावर आली होती. एक दिवस सासू अन् मी अंगनात तुरीची दाळ पाखडत होतो. घरचे नाल्याच्या पल्याड वावरात. छाती बिघडली तवापासून त्यायनं लांबून हाक मारली नोती. काही पाह्यजे असलं तं कोनाले तरी धाडत, नाई तं उपाशी राहत. त्या दिवशी नाल्याच्या पल्याडून आवाज आला. लांब, भरलेला, मंधात तुटला नाई. भाकर आना म्हनून.

सासूनं सूप खाली ठेवलं. "काहून व असा ओरडून राह्यला तो? भाकर गेली नाई काय अजून?"

"नाई गेली."

"मंग जाय ना! उभी काहून राह्यलीस?"

म्या म्हनलं, "थांबा आत्याबाई. आनखीन एक डाव हाक मारू द्या."